थंड इस्त्री

आमच्या आत्यानं बावीस वर्षं हॉस्पिटलच्या धुलाईघरात इस्त्री केली. तिनं इस्त्री केलेली चादर म्हणजे कोरा कागद, वर झोपायला पेशंटनं घाबरावं! मागच्या महिन्यात तिथं इस्त्रीचं मशीन आलं आणि तिथल्या मॅडमनी (हे नाकातून वाचा) सांगून टाकलं, "हे बघाऽ, कपडे देण्याघेण्याच्या टेबलावर एक जागा आहे. सोमवारपर्यंत कॉम्प्युटर शिकलात तर तुमची. नाहीतर ओल्या गाठोड्यांकडे जायचं." ओली गाठोडी उचलायची म्हणजे आत्याच्या कमरेचा निकालच.

मग काय, घरातला जुना कॉम्प्युटर पुसला आणि मी गुरू झाले.

पहिल्याच दिवशी पंचाईत. आत्या माऊस झकास सरकवायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पण थांबली रे थांबली की उचलून टाचेवर उभा करायची. पडद्यावरचा बाण जागीच थिजायचा.

"आत्या, आडवा ठेव ना!"

"ठेवलाय की."

"उभाय तो!"

"अगोबाई, खरंच!"

बाबा पेपराआडून म्हणाले, "ताई, जपून हं. टेबल जळेल."

मला तेवढंच हवं होतं. मी मॅडमचा आवाज काढला, "काय होऽ, बाण कुठे गेलाऽ?" बाबा खो खो हसले. आत्याही हसली. पुढच्या खेपेलाही हसली. पाचव्या खेपेला मात्र तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"बावीस वर्षांत एक कपडा जाळला नाही गं मी," ती हळूच म्हणाली. "हात थांबला की इस्त्री उभी. डोकं ऐकतं तुझं, हात नाही ऐकत."

माझं नाक एकदम सरळ झालं. जुन्या चादरीचा तुकडा आणला, चौपदरी घडी घालून माऊसखाली सारला.

"आत्या, ही इस्त्री थंड आहे. बघ हवं तर."

तिनं खरंच बघितलं. बोट जिभेला लावलं आणि माऊसच्या पाठीवर टेकवलं, चर्र होतंय का ते. मी हसले नाही. शप्पथ.

"थंडच आहे की," ती म्हणाली, आणि तिचा तळवा अलगद विसावला.

"आता ही ओळ निवड. दाबून धर, टोकापर्यंत ने, मग सोड."

"एवढंच? हे तर जन्मभर करतेय मी!"

अक्षरं तेवढी ती एका बोटानं शोधायची, हरवलेलं बटण शोधावं तशी. पण सापडायची.

सोमवारी शाळेतून धावत आले, तर आत्या दारात चपला काढत होती.

"काय झालं? सांग ना!"

तिनं बोट जिभेला लावून दाखवलं, मग मॅडमसारखं नाक चिमटीत धरलं. "काय होऽ, माऊस चाखताय काऽ?"

हुबेहूब! माझ्याहून सरस! मग पिशवीतून कागद काढला. वॉर्डावॉर्डाच्या चादरी, उशांचे अभ्रे, सगळी यादी तिनं टाइप करून छापलेली. घडी अशी, की उलगडायला जीव होईना.

"उद्यापासून टेबलावर," ती स्वतःच्या आवाजात म्हणाली. "तो चादरीचा तुकडा मात्र मी नेते हं."