मशीन धरून काढलेला लोड
तापलेल्या काचेवरच्या धुळीवर पाणी पडलं की जो वास येतो, त्या वासानं मला डांगे चौकातलं ते सोलरचं दुकान आठवतं. बाबा चाकणच्या कंपनीतून नुकतेच रिटायर झाले होते आणि एक जुनी व्हॅन घेऊन तिच्यात पलंग बसवत होते, कारण आईला समुद्राकाठी गाडीतच मुक्काम करायचा होता. उभा जन्म मेंटेनन्समध्ये गेलेला, त्यामुळे कशाला किती वीज लागेल तो लोड काढल्याशिवाय पॅनल घेणं त्यांना पटणारं नव्हतं. काउंटरवरच त्यांनी यादी केली: पंखा, दोन दिवे, मोबाईल आणि शेवटी आईचं ऑक्सिजनचं मशीन. स्टुलावर धापा टाकत बसलेली आई यादी बघून हळूच म्हणाली, "अहो, मशीन नका धरू. छोटं पॅनल पुरेल." "अगं, मशीनशिवाय जाशील कशी तू?" बाबा म्हणाले. तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. बाबांना ते कळून घ्यायचंच नव्हतं. "भाऊ, कंपनीत मी कधी लोड कमी धरला नाही," असं दुकानदाराला सांगून त्यांनी सगळ्यात मोठं पॅनल, तेवढीच मोठी बॅटरी आणि ती नीट चार्ज करणारा कंट्रोलर घेतला. टपावर पॅनल चढलं त्याच महिन्यात आई गेली. व्हॅन अजून थेरगावला आमच्या पार्किंगमध्ये उन्हात उभी आहे, कुठेही न गेलेली. बाबा रोज टपावर चढून पॅनल धुतात, कंट्रोलरचा हिरवा दिवा बघतात आणि वर घरी येऊन मला सांगतात, "बॅटरी फुल आहे." मी रोज म्हणते, "बरं झालं, बाबा."