पतपेढीची गाडी

गाडी बंद पडली तेव्हा आमची मुलगी अकरा दिवसांची होती, आणि आमच्या घरापासून तीस मैलांवरच्या एका मोठ्या इस्पितळात काचेच्या पेटीत झोपलेली होती. सत्ताविसाव्या आठवड्यात झाली. वजन मी अजूनही कुणाला सांगत नाही, सांगवतच नाही. आमच्या नोव्हाय गावाजवळच्या इस्पितळात ती जन्मली आणि तासाभरात तिला अँब्युलन्समधून तिकडे हलवलं. मी इकडेच पलंगावर. तिला पहिल्यांदा पाहिलं ते तिसऱ्या दिवशी.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, रोज या. आईचं दूध हवं आणि रोज थोडा वेळ आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवायला हवं, ते औषधच समजा. आणि खरंच, मी तिला घेतलं की मशीनवरची ती वेडीवाकडी रेघ हळूहळू शहाण्यासारखी चालायला लागायची. मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे मला जगात काम एकच होतं, रोज तिच्यापर्यंत पोचायचं.

आणि त्या भागात पोचायचं म्हणजे गाडी. बस नाही, रिक्षा नाही. फेब्रुवारीतल्या बर्फात रस्त्याच्या कडेने बाई चालताना दिसली तर लोक पोलिसांना फोन करतात.

आमची ती जुनी गाडी नवऱ्याने इंडियाला परत निघालेल्या एकाकडून घेतली होती. "चांगली कंडिशन आहे, यार," असं तो माणूस म्हणाला आणि आमच्या पुणेकराने ते ऐकलं. मी नागपूरची. मी म्हटलं होतं, बाप्पा, चांगली आहे तर हा इतक्या आनंदाने का देऊन राहिला? माझं कोण ऐकतं! भर हायवेवर ट्रान्समिशन, म्हणजे गिअरबॉक्सच, गेलं. मेकॅनिक म्हणाला, हिच्यावर आता एक डॉलरसुद्धा घालू नका.

त्यानंतरचा आठवडा आम्हाला काकांनी तारलं. काका म्हणजे पलीकडच्या कॉलनीत, इथल्या भाषेत सबडिव्हिजनमध्ये, राहणारे, गाड्यांच्याच धंद्यात तीस वर्षं काढून रिटायर झालेले इंजिनियर. ओळख गणपतीतली, तीही पाच महिन्यांची. ते रोज सकाळी दारात हजर. काकू मागच्या सीटवर अळिवाच्या खिरीचा डबा घेऊन बसलेल्या. "खा गं, दूध येईल," एवढंच म्हणायच्या, बाकी काही विचारायच्या नाहीत. पण त्या रविवारी काका-काकू गाडी घेऊन दुसऱ्या राज्यात, लेकीकडे कॅरीला निघणार होते, तिच्या बाळंतपणाला. सहा आठवडे. मला त्यांना थांबा म्हणायचं तोंड नव्हतं.

भाड्याची गाडी तीन महिने ठेवायची तर पगार त्यातच गेला असता. कर्ज काढावं तर चार ठिकाणी नकार. का, तर आम्हाला या देशात येऊन जेमतेम सहा महिने झाले होते आणि आमची क्रेडिट हिस्ट्री नव्हती. तुम्ही आजवर कर्ज काढलं नाही म्हणून तुम्हाला कर्ज मिळणार नाही! हे शहाणपण ज्याने शोधून काढलं त्याला माझ्यासमोर उभं करा, असं मी तेव्हा रोज म्हणायचे.

मला त्या दिवसांत सगळ्यांचाच राग यायचा. एका नर्सचा तर फारच. त्याच आठवड्यात एकदा दारातच तिने मला काहीतरी विचारलं, मी व्यवस्थित उत्तर दिलं, आणि तिने मला आत सोडलंच नाही. हसून, गोड बोलून, आज नाही म्हणाली. दूध घेतलं आणि मला परत पाठवलं. तीस मैल जाऊन मी पोरीला न बघता घरी आले. आम्ही काळे म्हणून, आमचं इंग्रजी असं म्हणून, काय काय मनात आणलं मी!

आणि राग यायचा नवऱ्याचा. तो पेटीपासून दोन पावलं लांब उभा राहायचा. पेटीला हात घालायला गोल भोकं असतात, आतली नर्स त्याला रोज म्हणायची, हात धुऊन या आणि तिला धरा. तो मान हलवायचा आणि तिथेच उभा. बाळाला घरी आणायला लागते म्हणून काकूंनी त्यांच्या नातवाची जुनी कार सीट काढून ठेवली होती. तर हा म्हणाला, "आत्ता नको काकू, राहू द्या." मला कळून चुकलं होतं. ह्याने आशा सोडली होती. मी एकटीच धरून बसले होते, आणि एकटीने धरून ठेवायचं म्हणजे हात भरून येतात.

अशात त्याच्या ऑफिसात क्रेडिट युनियनचा कागद लागला. क्रेडिट युनियन म्हणजे आपल्याकडे नोकरदारांची पतपेढी असते ना, तसलंच. मी तिला पहिल्यापासून पतपेढीच म्हणायचे. तर ह्या पतपेढीने एका डीलरशी ठरवून खास सेल लावला होता, शुक्रवार-शनिवार दोनच दिवस. पतपेढीची माणसं डीलरच्या शोरूममध्येच टेबल टाकून बसणार, सभासदाला तिथल्या तिथे कर्ज मंजूर, आणि ह्या सेलपुरतं क्रेडिट हिस्ट्रीच्या जागी कंपनीचं पत्र चालणार. शनिवारी चार वाजता त्यांचं मुख्य ऑफिस बंद, की सेल संपला. रविवारी काका निघणार. सोमवारी मी तिच्यापर्यंत कशी पोचणार, ह्याचं दुसरं उत्तर आमच्याकडे नव्हतंच.

शुक्रवारी नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही. शनिवारी सकाळी इस्पितळ करून काकांच्या गाडीने आम्ही सेलला गेलो. बर्फात फुगे बांधलेले, दारात फुकट हॉट डॉग. लोक हसत होते, पोरं गाड्यांची दारं उघडझाप करत होती. मला वाटलं सगळ्यांना ओरडून घरी पाठवावं.

काकांनी वीस मिनिटांत गाडी निवडली. दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाची, पाच वर्षं वापरलेली. वाकून, झोपून, ऑइलची कांडी पुसून बघितली. "इंजिन गुणी आहे, घ्या डोळे मिटून," म्हणाले. नवरा आत टेबलाशी जाऊन बसला. मी काकांबरोबर बाहेरच थांबले, त्या गाडीच्या टपावर हात ठेवून. दुसऱ्या कुणी तिला हात लावू नये म्हणून.

सव्वातीनला नवरा बाहेर आला. त्याचा चेहरा बघून काका म्हणाले, "काय रे?"

"पतपेढीची बाई नाही म्हणाली," तो म्हणाला. "कम्प्युटरने रिजेक्ट केलं."

"कम्प्युटरने म्हणजे कुणी? काय विचारलं तिने? तू काय सांगितलंस?" माझा आवाज चढला होता.

"अगं, सगळं बरोबर सांगितलं. नोकरी, पगार, पत्ता. मग विचारलं, तुम्ही कधी दिवाळखोरी जाहीर केलेली नाही ना? मी म्हटलं, यस. तिने परत विचारलं, यस? मी म्हटलं, यस, यस, डेफिनेटली. दुसरं कुठलं कर्ज नाही ना? यस. हप्ता कधी चुकवला नाही ना? यस. ह्यात काय चुकलं?"

काकांनी कपाळाला हात लावला. "अरे गाढवा," ते म्हणाले, "दिवाळं काढलंय म्हणून सांगून आलास की तू!"

मला एक क्षण लागला. आणि मग त्या नर्सचा प्रश्न मला शब्दन् शब्द ऐकू आला. तुम्हाला सर्दी-खोकला तर नाही ना? आणि मी अगदी खणखणीत म्हटलं होतं, यस! हो, नाहीये. लहानपणापासून आपण असंच बोलत आलो. जेवली नाहीस ना? हो, नाही जेवले. आपण समोरच्याच्या बोलण्याला हो म्हणतो, इंग्रजीत मात्र अशा प्रश्नाला यस म्हणजे 'आहे'. ती बिचारी सर्दी झालेल्या बाईला आत कशी सोडेल? एक दिवस. माझ्या पोरीच्या वाट्याचा एक अख्खा दिवस मी एका 'यस'ने घालवला होता आणि दोष तिला देत बसले होते.

मी आत धावत गेले. बाळंतीण बाई धावत नाही, पण गेले. टेबलामागची बाई साठीची, चष्म्याला साखळी. मी काय बोलले ते मला धड आठवत नाही. हात जोडले होते एवढं आठवतं. आमच्या भाषेत हो म्हणजे नाही, म्हटलं. नाही म्हणजे हो, म्हटलं. ती आणखीच गोंधळली. मग काकांनी शांतपणे समजावलं, त्यांचं इंग्रजी तीस वर्षं मुरलेलं.

"मी दोनदा विचारलं होतं," ती म्हणाली. चिडलेली नव्हती. "एकदा नाकारलेला अर्ज मला इथून उघडता येत नाही. मेन ऑफिसला फोन करावा लागेल." तिने घड्याळ बघितलं. चारला वीस मिनिटं कमी होती. "आधी सगळे प्रश्न परत विचारते. ह्या वेळी यस नाही, नो नाही. पूर्ण वाक्यात सांगा."

मग माझा इंजिनियर नवरा शाळेतल्या पोरासारखा ताठ बसला आणि एकेक वाक्य म्हणू लागला. मी कधीही दिवाळखोरी जाहीर केलेली नाही. माझ्यावर दुसरं कुठलंही कर्ज नाही. मी कधीही हप्ता चुकवलेला नाही. ती एकेक खोडत, लिहीत गेली. मग तिने कागद आमच्याकडे फिरवला, एकदा वाचून घ्या म्हणाली.

मी वाचला. नाव, पत्ता, बायको. त्याच्याखाली मुलं. आणि पुढे शून्य.

"शून्य?" मी त्याला म्हटलं. मराठीत, मोठ्याने, सगळ्या शोरूमसमोर. "तू शून्य सांगितलंस? ती तिकडे श्वास घेतेय आणि तू इथे तिला शून्य करून आलास? थोडी तरी वाट बघायची होतीस रे!"

त्याने कागदाकडे बघितलं. त्याला खरंच कळेना. "मी नाही सांगितलं शून्य," तो म्हणाला.

काकांनी बाईला विचारलं. ती म्हणाली, "मी विचारलं, मुलं नाहीत ना? ते म्हणाले, नो, नो. मग खिडकीबाहेर बघायला लागले. मी पुढचा प्रश्न घेतला."

नो, नो. नाही नाही, असं कसं, आहे की, एक मुलगी आहे! एवढं वाक्य होतं त्याचं. पहिले दोन शब्द तोंडातून निघाले आणि पुढचे आतच राहिले. इतके दिवस मी ज्याला आशा सोडलेला माणूस समजत होते, त्याला फक्त ते वाक्य पुरं करता येत नव्हतं. माझीच मला लाज वाटली.

"पूर्ण वाक्यात सांग," मी म्हटलं.

त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "मला एक मुलगी आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "ती इस्पितळात आहे. तिच्याकडे जायला आम्हाला गाडी पाहिजे."

बाईने चष्मा काढला. शून्य खोडून एक लिहिला, फोन उचलला आणि पलीकडच्या माणसाशी असं काही बोलली की मला माझ्या आजोळच्या खमक्या मामीची आठवण झाली. चारला पाच कमी असताना कर्ज मंजूर झालं.

गाडी घेऊन आम्ही घरी गेलोच नाही, सरळ तिकडे गेलो. नारळ नाही, हळदकुंकू नाही. दारात त्या नर्सने विचारलं, सर्दी नाही ना? मी म्हटलं, मला सर्दी नाही, मला खोकला नाही, मला ताप नाही. ती हसली. आत नवऱ्याने कोपरापर्यंत हात धुतले, पेटीच्या भोकातून एक बोट आत घातलं, आणि तिने ते धरलं. तो कितीतरी वेळ तसाच वाकून उभा राहिला.

त्या गाडीने आम्ही चौतीस दिवस गेलो. एकही दिवस चुकला नाही, बर्फाच्या वादळाचासुद्धा. पस्तिसाव्या दिवशी पहाटे इस्पितळातून फोन आला, इन्फेक्शन आहे, लगेच या. इंजिन गुणी होतं. आम्ही वेळेत पोचलो, ती माझ्या छातीशी असताना गेली. त्यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

पुढे आम्ही टेक्ससला आलो, फ्रिस्कोला. ती गाडी दुसऱ्या नोकरीबरोबर इथवर आली आणि शेवटी थकली. इथेही नवऱ्याच्या कंपनीची पतपेढी निघाली, तिचाही सेल निघाला. टेबलामागे एक तरुण मुलगा होता, भराभर टाइप करणारा. नवऱ्याला आता चांगलं जमतं. दिवाळखोरी, कर्ज, हप्ते, सगळ्याला पूर्ण वाक्यात उत्तरं. मी शेजारी बसून ऐकत होते.

"मुलं नाहीत ना?" त्या मुलाने विचारलं.

"नो, नो," नवरा म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

मुलाने शून्य टाइप केलं. मी त्याला अडवलं नाही. ते 'नो, नो' कुठल्या भाषेतलं होतं ते मला ठाऊक होतं, आणि त्याच्यापुढचं वाक्य आम्हा दोघांना पाठ होतं.