शिवेपलीकडचं काम

पोशेऱ्यात लिफ्ट नाही, कारण दुसरा मजला नाही. तरीही फिनलंडमधल्या लिफ्टा वेळच्या वेळी दुरुस्त व्हाव्यात, ही काळजी गेले सहा महिने पोशेऱ्यातूनच वाहिली जात होती. ती वाहणारी मंजुषा भोये ठाण्याची नोकरी सोडून गावी परतली होती आणि सॉफ्टवेअरची कामं स्वतःच्या नावावर घेत होती. रेंज यायची ती फक्त पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर. लॅपटॉप मांडीवर घेऊन ती तिथे बसे, आणि हंडा घेऊन आलेली प्रत्येक बाई मायेने विचारी, "बसलीस का, बाय?"

आज दुपारी तीनला फिनलंडच्या आयनोबाईंना लांबून लिफ्ट तपासायचं अ‍ॅप चालवून दाखवायचं होतं. चाललं तर वर्षभराचा करार. नाही चाललं तर ठाण्याच्या जुन्या कंपनीचं बोलावणं आलेलंच होतं, सोमवारी रुजू व्हायचं. मंजुषाला जायचं नव्हतं. सकाळपासून तिने तीनदा केस विंचरले होते आणि चहात दोनदा साखर घातली होती.

आयनोबाईंना तिने वर्षाच्या सगळ्या सुट्ट्या कळवल्या होत्या, होळीसकट. फक्त गावदेवाचा दिवस कळवला नव्हता, कारण तो कुठल्याच कॅलेंडरात नसतो. सगळ्यांची भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, उरकली की गावदेवाची पूजा करणारे पुंजाबाबा आदल्या संध्याकाळी हाळी देतात: उद्या गाव पाळायचा. औत नाही, कोयता नाही, जातं नाही. काल हाळी झाली तेव्हा मंजुषा कानांत हेडफोन घालून इंग्रजीत सराव करत होती.

"चाललीस कुठं?" दोनला आई, रुपी, दारात आडवी आली. "आज गाव पाळलाय. काम करशील तर वर्षभर कोणाचं भात करपलं तरी तुजंच नाव निघंल."

भांडण गावदेवाच्या झाडाखाली गेलं. सगळा गाव तिथे रिकामाच बसला होता, त्यामुळे न्याय करायला मनुष्यबळ भरपूर होतं.

"जाऊ द्या ना तिला," भिवंडीच्या गोदामात दहा वर्षं काढलेला चुलतभाऊ लक्ष्या म्हणाला. "ओट्यावर बसते नुसती. बसना क्या काम होता है?"

लोकांनी माना डोलावल्या. सुटका झालीच होती. मंजुषाने फक्त गप्प राहायचं होतं.

"काम आहे ते," ती म्हणाली.

रुपीने कपाळाला हात लावला.

पुंजाबाबांनी तंबाखू मळायची थांबवली. "घाम येतो?"

"चुकलं की येतो, बाबा."

"मालक कोण?"

"मालक नाही. मी ठेका घेते."

ठेकेदार सगळ्यांना ठाऊक होता. तो दिवाळीनंतर गाडी घेऊन येतो आणि माणसं भरून वीटभट्टीवर नेतो.

"मग तुजे मजूर कुठंत?"

"मजूर पण मीच."

यावर पहिल्यांदा गाव मनापासून हसला. "म्हणजे सोताच सोताला गाडीत भरते!" लक्ष्या म्हणाला.

पुंजाबाबा हसले नाहीत. "काम हाय तर गावात नाय करायचं. पण गावदेवाचा हुकूम शिवेपोत. शिवेपल्याड त्याला कोण इचारतो?"

शीव म्हणजे वरच्या खिंडीतला दगड. तिथे रेंज येते का, हे कोणालाच माहीत नव्हतं. तसं विचारण्याची वेळ आजवर आली नव्हती. अडीच वाजले होते. मंजुषा लॅपटॉप छातीशी धरून पळत सुटली. मागून पन्नासएक माणसं निघाली, कारण पाहण्याला बंदी नव्हती.

दगडाच्या पाच पावलं पलीकडे तिने मोबाइल वर धरला. एक दांडी. अजून दहा पावलं. चार दांड्या! टाकीवर दोनच्या वर कधी गेल्या नव्हत्या. मोबाइलचं नेट लॅपटॉपला जोडून ती कातळावर बसली. गाव मागे अर्धगोलात उभा राहिला.

पडद्यावर आयनोबाई आल्या, जरा दचकल्या. "हे सगळे तुमच्या टीममधले?"

"नाही. आज इथे काम बंद असतं, म्हणून काम बघायला आलेत."

आयनोबाईंनी हे गंभीरपणे लिहून घेतलं. मग त्यांनी ऑफिसातल्या चाचणीच्या लिफ्टसमोर कॅमेरा धरला. मंजुषाने बटण दाबलं. काहीच झालं नाही. पन्नास माणसांनी श्वास रोखला. पुंजाबाबांनी आयुष्यात लिफ्ट पाहिली नव्हती, तरी तेही दार उघडायची वाट पाहू लागले.

दार उघडलं.

"आयला!" लक्ष्या ओरडला. "हितून दाबलं आणि तिकडं उघडलं!"

खिंडीत असा गलका झाला की आयनोबाईंनी कानावरचा हेडफोन काढला. गलका ओसरल्यावर त्या म्हणाल्या, करार आज पाठवते. मात्र दार तीन सेकंद उशिरा उघडलं, ते आत्ताच बघता येईल का?

मंजुषाने ठाण्याला एका ओळीत नकार कळवला आणि त्या तीन सेकंदांमागे लागली. गाव हलेना. आता काहीतरी उडेल किंवा निदान दुसरं एखादं दार उघडेल, अशी सगळ्यांना आशा होती. अर्ध्या तासात फक्त अक्षरं सरकली.

"एवढंच?" लक्ष्या म्हणाला. "बसलीच तर हाय."

"हळू बोल रं," रुपी त्याच्यावर खेकसली. "कामात हाय ती."