पार्वताचा डावा हात

पार्वता गेली हे मला कोणी सांगितलं नाही, तिच्या मनगटानं सांगितलं. सकाळी उठल्याबरोबर, चहाच्या आधी, माझ्या बायकोच्या डाव्या मनगटावर बोटं ठेवायची हे माझं रोजचं काम. तिथल्या शिरेत भुंगा कोंडल्यासारखी घुरघुर लागायची. ती डोळे न उघडताच विचारायची, "हाये का चालू?" मी म्हणायचो, "हाये." मग ती उठायची. त्या दिवशी तिनं विचारलं नाही. मी बोटं ठेवली... हात थंड होता, आत काहीच नव्हतं. तरी जागा बदलून, दाबून दाबून मी शोधत बसलो. शेवटी शेजारच्या सुनंदाबाईनं येऊन माझा हात सोडवला.

तिच्या दोन्ही किडन्या बसल्या होत्या. चंद्रपूरला जाऊन मशीनवर रक्त धुवावं लागायचं. सुरुवातीला त्यासाठी मानेत नळी होती. त्या नळीतून ताप शिरायचा. एकदा तर थंडीनं अशी थडथड उडाली की मी समजलो, संपलं. मग डॉक्टरांनी मनगटाजवळ ऑपरेशन करून धमनी आणि शीर एकमेकींना जोडली. त्याला फिस्टुला म्हणतात. ती शीर फुगून जाड झाली तरच तिच्यात सुया जाणार आणि मानेतली नळी निघणार. नाही फुगली तर तीच नळी, तोच ताप. डॉक्टरीणबाईंनी एक रबरी चेंडू दिला आणि टाके सुकले की दाबत राहा म्हणाल्या. मी चौथी शिकलेला माणूस. सरळ विचारलं, चेंडू दाबून शीर कशी काय वाढते? त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, हाताला काम पडलं की रक्त जोरात वाहतं, शिरेच्या आतल्या अस्तराला घासत जातं. मग ते अस्तर एक वायू सोडतं, त्याचं नाव नायट्रिक ऑक्साइड. त्यानं शीर सैल पडते आणि हळूहळू रुंद होते. रोज पायी चालणाऱ्याच्या अंगातही हेच होतं.

पार्वता लगेच माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "गॅस त यायले जनमभर हाये, बाई. यायची शीर काऊन नाई फुगली?" बाई तोंड फिरवून हसल्या. मला राग आला होता. आता वाटतं, तेव्हा मीही हसून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

घरी चेंडू घेऊन बसायची तिला लाज वाटायची. "मी काय लेकरू हाओ?" मी समोर असलो की दाबायची, पाठ वळली की चेंडू तांदळाच्या डब्यावर. एक दिवस गोठ्यात गेलो तर पार्वता गाईखाली बसलेली, डाव्या हातानं धार काढत! मी ओरडलो. ती म्हणाली, "चेंडू दाबून काय निघते? हिले दाबलं त दूध निघते. शीरबी वाढन अन चायबी होईन." मी घाबरून डॉक्टरीणबाईंकडे चुगली केली. त्यांनी आधी तिला झापलं, मग जखम पाहिली. चांगली सुकली होती. म्हणाल्या, हात साबणानं धुवून काढा धार, पण बादली उचलायची नाही आणि चेंडू सोडायचा नाही. पार्वतानं मला कोपरानं ढोसलं. "आयकलं? बादली तुमी उचला."

तेव्हापासून ती धार काढायची आणि मी बादली धरून उभा. शीर मात्र सुतासारखीच. ती रोज हात पुढे करायची, मी रोज खोटं बोलायचो, "फुगून राह्यली थोडी थोडी." मग एका संध्याकाळी खरंच दिसलं, कातडीखालून वेल चढल्यासारखी शीर उभी होती. पुढे तिच्यात सुया गेल्या, मानेतली नळी निघाली. जखम भरल्यावर पार्वतानं डोक्यावरून तांब्यावर तांब्या पाणी ओतून घेतलं. नळी होती तोवर मानेला पाणी लावायची मनाई होती. ओल्या केसांनी अंगणात बसून ती किती वेळ नुसती हसत होती...

ती शीर शेवटपर्यंत चांगली चालली. थांबलं ते हृदय.

मातीच्या दिवशी बाया हिरव्या बांगड्या घेऊन आल्या. सवाष्ण गेली, दोन्ही हात भरा म्हणाल्या. त्या डाव्या हाताला मी कधी घट्ट काही बांधू दिलं नव्हतं, त्या कुशीवर झोपू दिलं नव्हतं. बांगड्या तिनं सगळ्या उजव्या हातात नेल्या होत्या. एकीनं डावा हात धरला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "त्या हातात नको! बंद पडन!" सुनंदाबाईनं डोळ्याला पदर लावला. "बरं भाऊ, नाई घालत." डावा हात तसाच मोकळा गेला.

आता घरात मी एकटा. गाय मला पान्हा सोडत नाही. विकून टाका म्हणतात लोक. मी ऐकत नाही.

परवा गाईसाठी सरकीची ढेप आणायला भद्रावतीच्या बसमध्ये बसलो. बसमध्ये पार्वताला मी खिडकीशी बसवायचो आणि गर्दीचा धक्का लागू नये म्हणून तिचा डावा हात माझ्या मांडीवर घेऊन वर माझा हात आडवा धरायचो. परवा ड्रायव्हरनं ब्रेक मारला, उभी माणसं अंगावर आली आणि माझा हात आपसूक मांडीवर आडवा गेला. शेजारची बाई म्हणाली, "भाऊ, फुटायचं सामान हाये का काई?"

मी म्हटलं, "हाये."

ती बिचारी सरकून बसली. भद्रावती येईपर्यंत मी हात काढला नाही.