बोटीतल्या चार फासळ्या

जगातलं निम्मं सामान काढून टाकलं तरी जग चालेल, उलट जरा वेगानं चालेल, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला ठाऊक आहे. तो म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. रेवदंड्याच्या खाडीकाठच्या शेडमध्ये भावोजी बॅटरीवर चालणारी वेगवान बोट बांधत होते. बोटीतला प्रत्येक किलो बॅटरी खातो, म्हणून त्यांच्या खिशात कायम ताणकाटा असे. पाहुण्यांच्या चपलासुद्धा त्यांनी तोललेल्या मी पाहिल्यात. एकदा तर त्यांनी घरातल्या सगळ्या डावांच्या दांड्यांना भोकं पाडली. ताई कडाडली, "आज दांडीला पाडलीत, उद्या डावालाच पाडाल! मग आमटी काय ओंजळीनं वाढू?" भावोजी शांतपणे म्हणाले, "दांडी वाकली का? नाही ना!"

आमच्या घरात तीन पिढ्या सागवानी होड्या बांधल्या गेल्या. भावोजींची बोट पाहून मला धक्काच बसला. फायबरचे दोन पापुद्रे, मधे फोम, की झाली भिंत! "ताकद जाडीत नसते रे, आकारात असते," म्हणत ते वर्तमानपत्राची नागमोडी घडी घालून तिच्यावर चहाचा कप ठेवून दाखवत. कप राहायचा. माझी भीतीही राहायची. चाचणीला बोट तेच चालवणार होते आणि मी शेजारी बसणार होतो. एका चार्जवर मुरूडला जाऊन परत आलो तरच बोट विकली जाणार, नाहीतर शेडला कुलूप.

आता कबूल करतो. भावोजी आणि ताई पालीला दर्शनाला गेले त्या दुपारी मी बोटीच्या पोटात चार सागवानी फासळ्या बसवल्या आणि वरून रंग फासला.

दुसऱ्या दिवसापासून भावोजींनी भात सोडला. मग पोळी अर्ध्यावर आली. दोन महिन्यांत त्यांचा सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसू लागला. ताई माझ्याजवळ रडली, "काय लपवतायत रे? तुला तरी सांगतील." मी हादरून गेलो. माणूस असा खंगत चाललेला आणि मी त्याच्याच बोटीत लाकूड भरून ठेवलेलं!

बोट मुरूडला जाऊन परत आली. बॅटरीत जेमतेम धुगधुगी उरली होती. धक्क्यावर पाय ठेवताच मी हात जोडून सगळं सांगून टाकलं.

"अकरा किलो तीनशे ग्रॅम," भावोजी म्हणाले. "पालीहून आलो त्याच संध्याकाळी बोट शेडमधल्या मोठ्या काट्याला टांगली होती."

"मग फासळ्या काढल्या का नाहीत?"

"काढल्या असत्या तर तू बसला असतास?" त्यांनी पट्ट्याला नव्यानं पाडलेली तीन भोकं दाखवली. "म्हणून मग मीच कमी झालो."



ती बोट आता दुसराच कुणी चालवतो. फासळ्या अजून आत आहेत. भावोजी मात्र पुन्हा भरले नाहीत. जेवायला बसलो की मी त्यांच्या भातावर गुपचूप तुपाची आणखी एक धार सोडतो. त्यांना कळतं. ते तो भात कालवून खातात.