आठ मागांचा गृहपाठ

सुरतेच्या अख्ख्या पांडेसऱ्यात आमच्या शेजारच्या काकांइतकं मोठ्यानं गुपित सांगणारा माणूस दुसरा नव्हता. वीस वर्षं लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, काढली की कान जातात, आणि कान गेले की माणूस स्वतःचाच आवाज शोधत ओरडत राहतो. यात हसण्यासारखं काही नाही, यावर मी स्वतः एक पत्रक लिहिलं होतं. पण काकांपुढे पत्रकाचं काही चालायचं नाही. घरी पाहुणे आले आणि साखर संपलेली असली, तर ते काकूंच्या कानाशी तोंड नेऊन, तळहाताचा आडोसा धरून सांगायचे, ‘‘साखर नही शे, शेजारतून मांगी लय!’’ काकू उठायच्या आत मी भिंतीपलीकडून वाटी घेऊन दारात हजर. पाहुणे बिचारे म्हणायचे, आम्ही बिनसाखरेचाच घेतो. काका सगळ्यांकडे कौतुकानं बघायचे. आपल्या घरात न सांगता सगळं होतं, असं त्यांना वाटायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे काका बसत नसत. आठ माग सांभाळणारा कारागीर दिवसभर मागांच्या मधल्या बोळातून फिरत असतो. इथला दोरा तुटला, गाठ मार, चालू कर. तोवर तिकडचा थांबला. ती चाल पायातच भिनलेली. जेवायचे उभ्यानं, दाढी करायचे फिरत. एका लग्नात पंगत सोडून हातात पत्रावळ घेऊन फेऱ्या घालत जेवत होते, तर लोकांनी वाढपी समजून वरण मागितलं. काकांनी पत्रावळ खिडकीत ठेवली, बादली उचलली आणि पूर्ण पंगत वाढली. नवऱ्या मुलाच्या मामानं खूश होऊन ‘कोणत्या गावचा वाढपी?’ असं विचारल्यावर काका तिसऱ्या गल्लीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, ‘‘मी मुलगीवाल्यांचा जवळचा!’’ आणि गाठी! चपलेचा अंगठा, पिशवीचा बंद, माझ्या आईच्या पोतीचा दोरा, जे तुटेल ते काकांकडे. दोन बोटांत अशी गाठ पडायची की कुठे तुटलं होतं ते नंतर सापडायचं नाही.

त्यांची मुलगी संगी तेव्हा नववीत, मराठी शाळेत. तिच्यासारख्या मुलांच्या चंचलपणाला इंग्रजीत चार अक्षरांचं नाव आहे, हे मला पुष्कळ नंतर एका डॉक्टरीणबाईंकडून कळलं. त्या वर्षी आमच्याकडे असलेली नावं म्हणजे येडी, वांड, वाऱ्यावरची, आणि शाळेच्या शेऱ्यात ‘लक्ष नाही’. लक्ष नाही हे साफ खोटं. लक्ष सगळीकडेच होतं: पंख्याच्या आवाजात, बाईंच्या पदराच्या सुटलेल्या टाक्यात, कौलावरच्या कावळ्यात. फक्त फळ्यापाशी ते थांबत नसे. आणि गृहपाठ किती? आठ विषय, रोज प्रत्येकाचं काही ना काही, चुकलं तर पाच वेळा, न झालं तर दहा वेळा. जी पोर एकदा लिहायला बसू शकत नाही, तिला शिक्षा काय, तर दहादा बसून लिही! हा शहाणपणा कोणत्या पुस्तकात लिहिलाय ते मला अजून सापडलेलं नाही.

एका संध्याकाळी भिंतीपलीकडून आरोळी आली, ‘‘सहा नंबर बंद पडना! सहा नंबर!’’ मी धावत गेले. दहा बाय दहाच्या त्या खोलीत आठ ठिकाणी आठ वह्या उघड्या होत्या. एक ट्रंकेवर, एक पिठाच्या डब्यावर, एक उपड्या बादलीवर, एक खिडकीत, भूमितीची दाराला दोऱ्यानं लटकवलेली. प्रत्येक जागी खडूनं आकडा. मधोमध काका, आणि त्यांच्याभोवती संगी पेन घेऊन फिरत होती. मन लागेल तोवर एका वहीत लिहायचं, दोरा तुटला की पुढच्या वहीपाशी जायचं. कोपऱ्यात पाय आखडून बसलेल्या काकू मला म्हणाल्या, ‘‘बघ माय, घरात चूल सोडून सगळं खातं झालं.’’

मी अर्थातच भडकले. तेव्हा मी दिवसातून दोनदा भडकायची. म्हटलं, काका, ज्या कारखान्यानं तुमचे कान नेले तोच पोरीच्या माथी मारता? काकांनी पूर्ण ऐकून घेतलं, म्हणजे माझ्या ओठांकडे बघून घेतलं, आणि म्हणाले, ‘‘मग तुम्ही बसाडी दखाडा, ताई.’’ दुसऱ्या दिवशी मी तिला बसवलं. एक वही, एक प्रश्न, एक तास. तासाभरात तिनं मला सांगितलं की माझ्या घड्याळाचा पट्टा चार दिवसांत तुटेल, वरच्या पत्र्याला सतरा भोकं आहेत आणि मी रागावले की माझं नाक आधी लाल होतं. वहीत साडेतीन ओळी. मग ती रडायला लागली. त्यानंतर काकांनी तिला उठवलं, आणि दीड तासात आठही वह्यांत काहीतरी उतरलं. घड्याळाचा पट्टा पाचव्या दिवशी तुटला.

काका तिसरी शिकलेले. उत्तर बरोबर की चूक, हे त्यांना कळणं शक्य नव्हतं. पण कापड तपासतात तसं ते प्रत्येक पान खिडकीशी धरून उजेडात बघायचे, बोट फिरवायचे आणि म्हणायचे, ‘‘आठे वीण विरळ शे.’’ आठे म्हणजे इथे. बघावं तर खरोखरच मधली एक पायरी गाळलेली. मी हसले तर म्हणाले, ‘‘मन्ही पोर येडी नही शे, ताई. मी बी असाच शे. माले त्यानाच पगार भेटस, तिले त्यानाच मार भेटस.’’ इतकी वर्षं पत्रकं लिहिते आहे. एवढं नेमकं वाक्य मला एकदाही जमलेलं नाही.

मग काका शाळेत गेले. संगीच्या वर्गबाईंशी काय बोलले ते शाळेभर ऐकू गेलं असणार, पण बाई भल्या होत्या. त्यांनी दोन गोष्टी कबूल केल्या. गृहपाठ तुकड्या-तुकड्यानं आणला तरी चालेल, आज तीन वह्या, उद्या पाच. आणि वार्षिक परीक्षेत संगीला दाराजवळची जागा मिळेल, मधूनमधून पाणी प्यायला उठता येईल. मुख्याध्यापकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. काकांनी ओट्यावर उभं राहून आडोशाचा हात धरून मला सांगितलं, ‘‘हाई आपलामाच ऱ्हाऊ द्या!’’ समोरच्या घरात पीठ मळणाऱ्या बाईनंसुद्धा मान डोलावली. पुढचे तीन महिने सबंध गल्लीनं ते गुपित पाळलं. पोरांनीदेखील.

छापलं मी. पिवळ्या कागदावर, वर जाड ठशात ‘गृहपाठ की वेठ?’ आणि खाली, मला फार न्यायाचं वाटलेलं एक वाक्य: याच शाळेतल्या एका शिक्षिकेनं नववीच्या एका मुलीला सवलत दिली आहे, मग ती सर्वांना का नाही? नाव कुणाचंच नव्हतं. नववीला वर्गबाई एकच होत्या, हे छापताना माझ्या डोक्यात आलं नाही. शाळेच्या दारात उभी राहून मी दोनशे पत्रकं वाटली. मुख्याध्यापकांनी एक वाचलं. सर्वांना देता येत नाही ते एकीलाही नाही, असा त्यांचा न्याय झाला. बाईंना लेखी ताकीद मिळाली. संगीला चार दिवसांत सगळ्या वह्या पूर्ण करायच्या होत्या, आणि परीक्षेत जागेवरून उठायचं नव्हतं.

मी पत्रक घेऊन काकांकडे गेले. त्यांनी ते खिडकीशी उजेडात धरलं, बोट फिरवलं. ‘‘कागद चांगला शे,’’ म्हणाले. चार दिवस खात्यावर गेले नाहीत. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत आठ माग चालले, काकू ओट्यावर बसून जेवल्या, आणि वह्या झाल्या.

परीक्षेचं काय? उपाय संगीनंच काढला. ‘‘बाबा, तू बाहेर फिरशी ते मी मझार बठसू.’’ तू बाहेर फिर, म्हणजे मी आत बसेन. पहिल्या पेपरापासून काका शाळेच्या कुंपणाबाहेरच्या रस्त्यानं फेऱ्या मारू लागले. तीन तास, भर उन्हात, डोक्यावर ओला पंचा. दर फेरीला ते तिच्या खिडकीसमोरून जायचे. ते दिसले की ती हातातला प्रश्न सोडून दुसरा घ्यायची. इतकंच ठरलेलं. मी समोरच्या टपरीपाशी उभी राहून बघायची. पाणी घेऊन गेले तर ते चालता चालताच प्यायचे, आणि ‘‘थांबाडू नका, तिना माग बंद पडी!’’ असं मलाच ओरडायचे.

सहा पेपर असे झाले. सातव्याला मुख्याध्यापकांनी ती खिडकी लावून घेतली. एक माणूस सारखा येरझाऱ्या घालतो, मुलांचं चित्त विचलित होतं, असं त्यांचं म्हणणं. काकांना मी इशारा केला, खिडकी बंद आहे, बसा आता. त्यांनी हातानं नाही म्हटलं. सातव्या आणि आठव्या, दोन्ही पेपरांना ते बंद खिडकीसमोरून फिरत राहिले. आतून दिसत नव्हतं, पण पाऊल कदाचित ऐकू येत असेल, असा त्यांचा हिशोब. ऐकू येण्याबद्दल त्यांच्या कल्पना अशा होत्या.

निकालाच्या दिवशी मी काकांच्या अंगणात उभी होते. शेवटचे दोन पेपर गणित आणि विज्ञान, दोन्ही गेले होते. बाकीचे सहा सुटले होते, गुजरातीत तर पंचावन्न. प्रगतिपुस्तकावर मात्र एकच शब्द होता: नापास. संगी आत भिंतीकडे तोंड करून पडली होती. काका बाहेर आले, दार ओढून घेतलं, आणि माझ्याजवळ येऊन उभे राहिले. उभे, म्हणजे पाय न हलवता.

‘‘आठमा सहा चालनात, ताई,’’ ते म्हणाले.

त्यांचा आवाज मला नीट ऐकू आला नाही. मी पुढे झुकले. एवढ्या वर्षांत काकांच्या बोलण्याला मी पहिल्यांदाच पुढे झुकत होते.

‘‘पुढला साल खिडकीपानी जागा भेटी का, तेवढं इचारशात का?’’ आत ऐकू जाऊ नये म्हणून ते एकेक शब्द घशातच अडवत होते. ‘‘पन हळू इचारा.’’

मी विचारलं. मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर हात बांधून, आवाज खाली ठेवून विचारलं, आणि त्यांनी पाठवलं म्हणून वर्गबाईंना भेटले. बाईंनी माझ्याकडे न बघता हजेरीपट उघडला. संगीच्या नावावर आधीच रेघ होती. निकालानंतर चार दिवसांनी ती काकूंबरोबर मजुरीनं साड्यांना टिकल्या लावायला बसली होती, ते मला सुट्टीपुरतं वाटलं होतं; शाळा सोडल्याचा दाखला मात्र अर्जावर काकूंची सही घेऊन ती स्वतःच घेऊन गेली होती.

काका अजून खात्यावर जातात. संध्याकाळी गल्लीत शिरताना आताही ओरडतात, ‘‘ताई, नवीन कागद छपाना का?’’ मी नाही म्हणते, आणि ते ऐकू न आल्यासारखे हसून पुढे जातात. त्यांच्या दारात संगी चौरंगावर साडी पसरून बसलेली असते. दर थोड्या वेळानं उठते, घराभोवती एक फेरी मारते आणि परत बसते. त्या वेळी काका उंबऱ्यावर उभे राहून, चहाचा कप हातात धरून, ती फेरी पूर्ण होईपर्यंत मोठ्यानं काही बोलत नाहीत.