शेजारच्या टार्गेटवर

बेरीज चुकली आहे, एवढंच मी म्हणाले होते.

शनिवारची सकाळ होती. आमच्या रायफल क्लबची कमिटी एका डायनरमध्ये पॅनकेक खात बसली होती. आठ पुरुष आणि मी. मी कमिटीवर नव्हते. स्कोअरकार्डं टाइप करायला मला बोलावलं होतं, कारण माझ्या घरी प्रिंटर होता आणि कारण, अध्यक्षांच्या शब्दांत, ‘भारतीय लोक गणितात चांगले असतात.’ तर या गणितात चांगल्या असलेल्या बाईनं टाइप करता करता वर्षभराच्या बेरजा तपासल्या होत्या. चुका अकरा निघाल्या. अकराही चुका क्लबच्या जुन्या सभासदांना फायद्याच्या होत्या, आणि त्यातल्या चार एकट्या अध्यक्षांच्या कार्डावर होत्या.

“माणूस आहे, चुकणारच,” मॅच डायरेक्टर म्हणाले. मॅचची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे असायची.

“हो, पण मग एखाद्या वेळी उलट्या बाजूनं चुकायला हवं होतं,” मी म्हणाले.

डायरेक्टरनी काटा खाली ठेवला, टोपी घातली आणि राजीनामा देऊन निघून गेले. पॅनकेक अर्धा तसाच. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. हे गृहस्थ निवृत्त दंतवैद्य होते आणि समोरच्यानं तोंड उघडलं की आता आपणच बोलायचं असतं, ही सवय त्यांना धंद्यातून लागली होती.

“यंग लेडी,” ते म्हणाले. मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होते. “आता जूनची मॅच तूच घे.”

मला वाटतं, मी नाही म्हणेन अशी त्यांची खात्री होती.

मी तिथे पोचले कशी, ते सांगायला हवं. नागपूरला कॉलेजात असताना मी कॅडेट होते. वर्षातून एकदा पाच गोळ्या मिळायच्या, आणि माझ्या पाचही गोळ्या चहाच्या बशीत मावतील एवढ्याशा जागेत जायच्या. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस होते. त्यांनी आयुष्यभर काडतुसं मोजली, मापली आणि नापास केली. बंदूक कधी हातात धरली नाही. मी इंजिनियर झाले, लग्न करून मिनेसोटाला आले, ग्रीन कार्ड झालं, पंप बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीचं काम लागलं. तिथल्या एका सहकाऱ्यानं एका रविवारी गंमत म्हणून क्लबवर नेलं. त्यानं पुढे गोल्फ धरला. मी राहिले.

आमच्या लोकांत ही बातमी पसरायला एक गणेशोत्सव पुरला. मंडळाच्या एका काकूंनी प्रसादाची प्लेट हातात देत विचारलं, “अगं, तू म्हणे बंदूक चालवतेस? पण तुम्ही लोक तर अहिंसावाले ना?”

‘तुम्ही लोक’ म्हणजे बौद्ध. काकूंना हे आमच्या पहिल्याच भेटीत, आडनाव, गाव आणि गावात घर कुठल्या बाजूला अशा तीन प्रश्नांत कळलं होतं.

“कागदावर मारते, काकू,” मी म्हणाले. “कागदाला लागत नाही.”

क्लबमध्ये माझं आडनाव कुणालाच उच्चारता येत नसे, त्यामुळे त्यावरून कुणाला काही कळायचाही प्रश्न नव्हता. पहिले काही महिने हे मला फार सुखाचं वाटलं. मग हळूहळू तिथली बैठकव्यवस्था लक्षात आली.

मॅच अशी असते. सहाशे यार्डांवर, म्हणजे साधारण साडेपाचशे मीटरवर, टार्गेटं ओळीनं उभी असतात. प्रत्येकावर मोठा आकडा, आणि त्याच आकड्याची मारणाऱ्याची जागा. आपण जमिनीवर पालथं पडून वीस गोळ्या मारायच्या. मधोमध लागली तर दहा गुण, बाहेर जाल तसे कमी. टार्गेटांच्या खाली काँक्रीटचा खोल खड्डा असतो. त्यात बसलेली माणसं दर गोळीनंतर टार्गेट खाली ओढतात, भोकावर खूण लावतात आणि परत वर ढकलतात. अर्धे लोक मारतात तेव्हा बाकीचे अर्धे खड्ड्यात राबतात, मग अदलाबदल. एवढ्या लांबवर गोळी वाऱ्यानं हातभर सरकते. सकाळी वारा पडलेला असतो, अकरानंतर सुटतो. आणि पहिल्या तीन जागांना झाडांच्या रांगेचा आडोसा होता.

त्या तीन जागा आणि सकाळची पाळी कुणाची, हे मी सांगायला नको. वीस वर्षांपूर्वी ज्यांनी क्लब काढला, त्यांची. ते दुपारी कॉफीचे थर्मास घेऊन सावलीत बसत, आणि खड्ड्यात डास मारत टार्गेटं ओढायला नवे लोक, तरुण लोक आणि मी. असा काही लिहिलेला नियम नव्हता. “इथे पहिल्यापासून असंच चालत आलंय,” असं मला अगदी प्रेमानं सांगण्यात आलं. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकून मोठी झाले होते, की इंग्रजीतही ते लगेच ओळखू आलं.

म्हणून मी जूनची मॅच घेतली. राष्ट्रीय नियमपुस्तक मागवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, महत्त्वाच्या पानांच्या झेरॉक्स काढल्या आणि सभासदांना पोस्टानं एक पत्रक पाठवलं. जागा आणि पाळी चिठ्ठ्या टाकून ठरतील. खड्ड्यातलं काम प्रत्येकाला. बेरीज दोघंजण स्वतंत्र करतील. एवढंच.

आठवडाभर घरचा फोन वाजत होता. अध्यक्षांचा एकट्याचा पाच वेळा.

“माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय,” ते म्हणाले. “खड्ड्यात उतरता येणार नाही.”

“खड्ड्याला पायऱ्या आहेत. आणि मारायला पालथं पडता येतं ना?”

“पडणं वेगळं.”

“मग खाली खुर्ची ठेवते. बसून खुणा लावा.”

नवरा सोफ्यावर पेपर वाचत होता. त्यानं पेपरमागूनच विचारलं, “अगं, हे सगळे बंदुका बाळगणारे लोक आहेत, हे लक्षात आहे ना तुझ्या?”

अध्यक्षांचा पाचवा फोन जेवणाबद्दल होता. दुपारचं हॉटडिश कोण करणार? हॉटडिश म्हणजे मांस, मश्रूमचं सूप आणि वर बटाट्याच्या गोळ्या रचून भट्टीत भाजलेला मिनेसोटाचा राष्ट्रीय पदार्थ. ते विचारत होते म्हणजे खरं तर सांगत होते. मी चिठ्ठ्यांच्या यादीत तेही काम घातलं. खोटं कशाला बोलू, ती एक चिठ्ठी मी काढलीच नाही. सरळ अध्यक्षांचं नाव लिहिलं. हॉटडिश त्यांच्या बायकोनं केलं आणि त्यांनी गाडीतून आणलं. दिवसभर लोकांची वाहवा मात्र तेच घेत होते.

मॅचच्या दिवशी हॅटमधून चिठ्ठ्या काढल्या. सकाळची पहिली पाळी आणि झाडांखालची दुसरी जागा निघाली एका म्हाताऱ्या सभासदाच्या नावावर. हे आजोबा आयुष्यभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेले. दिवसात चार वाक्यं बोलायचे, त्यातली दोन कुत्र्याशी. पंधरा वर्षांत त्यांना ती जागा कधी मिळाली नव्हती. अध्यक्षांना मिळाली दुपारची पाळी, उघड्यावरची चौथी जागा. त्यांच्या शेजारची पाचवी माझी.

“याला मॅच म्हणत नाहीत, लॉटरी म्हणतात,” अध्यक्ष सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “वाऱ्यात कौशल्य दिसत नाही, फक्त नशीब दिसतं.”

बसवाल्या आजोबांनी दोनशेपैकी एकशे सत्त्याऐंशी मारले, रायफल पिशवीत घातली आणि खड्ड्यात उतरले. त्यांच्या वाट्याला चार नंबरचं टार्गेट ओढायचं काम आलं होतं.

आमची पाळी सुरू झाली तेव्हा वारा दाखवणारे झेंडे नुसते फडफडत होते. कमांड द्यायचं काम मी दुसऱ्याकडे दिलं आणि चटईवर पडले. माझ्या डावीकडे अध्यक्ष. प्रत्येक गोळीनंतर ते काहीतरी पुटपुटत. वारा, काडतुसं, चटईखालचा दगड, चिठ्ठ्यांची पद्धत. स्वतःखेरीज सगळ्यांची हजेरी घेऊन झाली. मी ऐकत होते. न ऐकण्याची विद्या मला कधीच जमली नाही, आणि मनात एक गोड विचारही चालू होता, की या माणसाचा आज सातवा-आठवा नंबर आला तर किती बरं होईल.

चौदाव्या गोळीच्या आधी मी वाऱ्यासाठी नेम दोन खटके सरकवला, परत दुर्बिणीत डोळा लावला, श्वास सोडला आणि चाप दाबला. इतकी सुंदर गोळी माझ्या हातून त्या दिवशी सुटली नव्हती. आतूनच कळतं. मी टार्गेट खाली जायची वाट पाहत राहिले.

माझं टार्गेट हललं नाही.

चार नंबरचं खाली गेलं. बराच वेळ खालीच राहिलं. मग वर आलं तेव्हा त्यावर दोन खुणा होत्या. अध्यक्षांनीही त्याच क्षणी गोळी मारली होती. एक खूण कडेला सातात, दुसरी बरोबर मधोमध. माझं पाचवं टार्गेट तपासायला खाली ओढलं गेलं आणि कोरं वर आलं. शून्य.

अध्यक्ष कोपरावर उठले. त्यांनी दोन खुणांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा एकदम उजळला.

“नियम काय म्हणतो, डायरेक्टर?”

त्यांना नियम पाठ होता. त्याची झेरॉक्स मीच त्यांच्या घरी पाठवली होती. दुसऱ्याची गोळी आपल्या टार्गेटवर पडली आणि आपली कुठली हे सांगता येत नसेल, तर दोन्हींतले जास्त असतील ते गुण आपले.

“दहा तुमचे,” मी म्हणाले. “माझं शून्य लिहा.”

“माझीच वाटतेय ती मधली,” ते म्हणाले. “सुटतानाच जाणवलं.”

बेरीज दोघांनी स्वतंत्र केली. मी तिसऱ्यांदा केली. अध्यक्ष एकशे एकोणनव्वद, बसवाले आजोबा एकशे सत्त्याऐंशी. सात आणि दहा यांतला फरक तीन, हे गणित तिथे मला आणि आजोबांना सगळ्यात लवकर जमलं असणार. मी माझ्या हातानं अध्यक्षांना लाकडी शील्ड दिली. त्यांनी भाषण केलं. वाऱ्यातच खरं कौशल्य दिसतं, आडोशाला कुणीही मारेल, असं ते म्हणाले. आडोशाला मारलेले आजोबा हॉटडिश खात होते.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. “माफ करा. ती मधली माझी होती.”

“माहीत आहे,” ते म्हणाले. “मी खाली होतो. दोन आवाज आले, अर्ध्या सेकंदाच्या अंतरानं. पहिली सात होती. दुसरी तिरकी आली, पाचच्या बाजूनं.”

“मग बोललात का नाही?”

त्यांनी विचार केला. “कोण कुठली मारतो हे खड्ड्यातल्यानं सांगायचं नसतं. नियम आहे.” मग एक घास खाऊन म्हणाले, “गोळी चांगली होती.”

घरी येताना मी गाडीत इतकी रागावलेली होते की दोनदा एक्झिट चुकले. अध्यक्षांवर राग नव्हता. त्यांच्या जागी मीही दहाच घेतले असते, फक्त भाषण जरा लहान केलं असतं. राग माझा माझ्यावर होता. त्यांना हरताना बघायची मला एवढी घाई झाली होती, की मी त्यांच्याच टार्गेटकडे बघत होते.

नवऱ्यानं दार उघडलं. “कोण जिंकलं?”

“अध्यक्ष. मी जिंकवलं.”

तो इतका हसला की मुलगी खोलीतून बाहेर आली आणि तिनं इंग्रजीत विचारलं, बाबा बरे आहेत ना.

जुलैच्या कमिटीत मी राजीनाम्याचं पत्र घेऊनच गेले होते. चिठ्ठ्यांची पद्धत आज मोडणार याबद्दल मला शंका नव्हती. एका जुन्या सभासदानं ठराव मांडलाही, की पूर्वीची व्यवस्था परत आणावी. अध्यक्ष ताडकन उठले. चिठ्ठ्या म्हणजे नेमबाजीचा आत्मा आहे, म्हणाले. आडोसा शोधणाऱ्यांनी घरी बसावं. जूनपासून ते भेटेल त्याला उघड्यावरच्या विजयाची गोष्ट सांगत होते, आता माघार घेण्याची सोय उरली नव्हती. ठराव पडला. पत्र मी पर्समध्ये ठेवलं आणि पॅनकेक मागवला.

मी ते काम चार वर्षं केलं. अध्यक्षांना पुढे कधी शील्ड मिळाली नाही, पण चिठ्ठ्यांविरुद्ध त्यांनी चकार शब्द काढला नाही. सप्टेंबरच्या मॅचमध्ये बसवाल्या आजोबांना सगळ्यात वाईट, टोकाची जागा आली आणि ते एकशे नव्वद मारून पहिले आले. शील्ड त्यांनी आपल्या पिकअप ट्रकच्या सीटवर, कुत्र्याशेजारी ठेवली. पाऊस येणार होता, बरेच लोक निघून गेले होते. टार्गेटांच्या चौकटी उतरवायला आम्ही दोघंच खड्ड्यात उतरलो आणि त्यांनी मला दोरी कशी गुंडाळायची ते दाखवलं.